अनाथाश्रमात अनाथ किती? देवाधर्माच्या नावाने चालणाऱ्या बालसंस्था समजून घेताना

पितृपंधरवडा लागला की बालगृहांचे फोन खणखणायला लागतात. कुणाला आजोबांच्या तिथीला पन्नास मुलांना जेवू घालायचं असतं, कुणाला नातवाचा पहिला वाढदिवस ‘तिथे’ करायचा असतो. काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत एका संस्थेत गेले होते. अधीक्षक बाईंच्या खुर्चीमागे भिंतीवर मोठं कॅलेंडर टांगलेलं. सप्टेंबरच्या चौकोनांत निळ्या शाईने नावं कोंबलेली. एका दिवसाला तर तीन : सकाळचा नाश्ता एकाचा, दुपारचं जेवण दुसऱ्याचं, संध्याकाळचा केक तिसऱ्याचा. बाईंनी पानं मागे उलटून जून दाखवला. कोरा. वह्या, गणवेश, बूट आणि एसटीचा पास, सगळं नेमकं जूनमध्येच लागतं.

स्वयंपाकघराच्या पायरीवर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा गुलाबजामची प्लॅस्टिकची डबी मांडीवर घेऊन बसला होता. खात नव्हता. का रे, विचारलं, तर म्हणाला, “आईला ठेवलेत. ती शनिवारी येते.”

आई येते? मग हा ‘अनाथाश्रमात’ कसा?

विनापरवाना बालगृहावर छापा पडल्याची, परदेशी पैशाची चौकशी लागल्याची, एखाद्या मिशनच्या नाहीतर मठाच्या वसतिगृहातून मुलं हलवल्याची बातमी अधूनमधून येतच असते. बातमी आली की व्हॉट्सॲपवर लगेच दोन तट पडतात. एकाच्या मते ही सगळी धर्मांतराची दुकानं, दुसऱ्याच्या मते सेवा करणाऱ्यांचा उगाच छळ. या भांडणात त्या मुलाची शनिवारी येणारी आई कुणालाच दिसत नाही. माझ्या मते गोष्ट तिच्यापासून सुरू करायला हवी.

अनाथ म्हणजे कोण?

आपल्या डोळ्यांपुढे अनाथ म्हणजे आई-बाप दोघंही गेलेलं पोर. अशी मुलं असतात, पण बालगृहांत ती बहुसंख्येने नसतात. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेने २००९ साली जगभरातल्या माहितीवरून मांडलं होतं की संस्थांत राहणाऱ्या दर पाच मुलांपैकी किमान चौघांची आई किंवा वडील, किंवा दोघंही, हयात असतात. आपल्याकडचं चित्र फार वेगळं नाही. बाप दारूत गेलेला, आई चार घरची धुणीभांडी करणारी. ऊसतोडीला गेलेलं जोडपं. नवऱ्याने टाकलेली बाई. तुरुंगात असलेला बाप. मूल संस्थेत येतं त्याचं खरं कारण बहुतेक वेळा गरिबी असतं आणि कागदावर त्याला ‘निराधार’ म्हटलं जातं.

म्हणूनच कायद्याने ‘अनाथ’ या एका शब्दावर भिस्त ठेवलेली नाही. २०१५ चा बाल न्याय कायदा अशा सगळ्यांसाठी एक लांबलचक नाव वापरतो : काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक. रस्त्यावर सापडलेलं, कामाला जुंपलेलं, घरी मार खाणारं, पालक असूनही सांभाळायला असमर्थ असलेलं, ही सगळी मुलं त्यात येतात.

अशा मुलाचं काय करायचं हे ठरवते बाल कल्याण समिती. ती प्रत्येक जिल्ह्यात असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. कुणालाही मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला या समितीपुढे हजर करावं लागतं. मग गृहचौकशी होते, म्हणजे कार्यकर्ता प्रत्यक्ष घरी जाऊन बघतो की मूल परत पाठवण्याजोगं हे घर आहे का. त्यावरून समिती आदेश काढते. हे नीट ध्यानात घ्यायला हवं, कारण इथेच पुष्कळ गोंधळ होतो. मूल बालगृहात ठेवायचा अधिकार संस्थेच्या विश्वस्तांना नाही, महाराजांना नाही, फादरना नाही, मौलानांना नाही. एखादी आई स्वतः हात जोडून दारात मूल सोडून गेली, तरी संस्थेला त्या मुलाला समितीपुढे न्यावंच लागतं.

यात देवधर्म कुठून आला?

सरकारच्या कितीतरी आधी धर्माची माणसंच या कामात होती. पंढरपूरचं उदाहरण घ्या. विधवांना दिवस गेले की घरचे यात्रेच्या निमित्ताने त्यांना पंढरीला आणून सोडत. जन्मलेली मुलं चंद्रभागेकाठी टाकली जात. १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांनी तिथे बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि प्रार्थना समाजाने ते चालवलं. त्याआधी बारा वर्षं, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात असंच गृह उघडलं होतं. फुल्यांची प्रेरणा वेगळी होती, रूढ धर्माशी भांडणारी. पंढरपूरची प्रार्थना समाजाची. मुलं मात्र तीच.

मग पंडिता रमाबाई. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून सगळ्यांना दौंड तालुक्यातल्या केडगावच्या जागेवर नेलं. पुढे गुजरातचा दुष्काळ पडला आणि १९०० च्या सुमारास तिथल्या मुक्ती मिशनमधली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तिथे नुसतं जेवण आणि प्रार्थना नव्हती. शेती, विणकाम, छापखाना होता, अंध मुलींसाठी ब्रेलचं शिक्षण होतं. दुष्काळात उचलून आणलेली मुलगी टाइप जुळवायला शिकून स्वतःच्या पायावर उभी राहते, ही कल्पनाच त्या काळी धाडसाची होती.

पैशाचं म्हणाल तर प्रत्येक धर्मात दान बाजूला काढण्याची एक ठरलेली रीत आहे. मुसलमानांत जकात, साठलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा. ख्रिस्ती दशमांश देतात, शीख दसवंध. हिंदूंत ठरावीक टक्का नाही, पण दानपेटी आहे, अन्नदान आहे, सप्ताहाची वर्गणी आहे. या पैशाला एक गुण असतो : तो वर्षानुवर्षं येत राहतो. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी तीन वर्षांनी दुसऱ्या विषयावर उडी मारतो. भक्ताचा पैसा तसा उडी मारत नाही. मुलाला वाढायला लागतात अठरा वर्षं, त्यामुळे हा गुण लहानसहान नाही.

वार लावून जेवणं आणि ‘एक मूल दत्तक घ्या’

‘महिन्याला अमुक रुपये द्या, एका मुलाचं शिक्षण करा’ अशी जाहिरात आपण पाहिलेली असते. सोबत मुलाचा फोटो, कधी त्याचं हाताने लिहिलेलं पत्र. याला प्रायोजकत्व म्हणतात. ‘दत्तक’ हा शब्द जाहिरातीत असला तरी कायद्याच्या दत्तकाशी त्याचा काही संबंध नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला ही कल्पना नवी वाटली नसती. गरीब विद्यार्थी शहरात शिकायला येई, सात घरी सात वार लावी आणि शिके. सोमवार कुलकर्ण्यांकडे, मंगळवार जोश्यांकडे. एकाच घरावर भार नाही आणि पोर उपाशी नाही. फक्त ही सोय बहुतेक ब्राह्मण मुलांपुरतीच होती, आणि ताटावर बसल्यावर ऐकावे लागणारे टोमणे कितीतरी आत्मचरित्रांत सापडतात. जुनं ते सगळंच गोड नव्हतं.

आजच्या प्रायोजकत्वात वाराचाच हिशोब असतो, पण मधे संस्था असते. तुमचे पैसे फोटोतल्याच मुलाच्या खिशात जातात असं सहसा होत नाही. ते एका गल्ल्यात जमतात आणि त्यातून सगळ्या मुलांची फी, शिकवणी, डॉक्टर भागतो. यात फसवणूक नाही, उलट शहाणपण आहे. नाहीतर एकाच वर्गात एकाला प्रायोजक मिळाला म्हणून नवे बूट आणि शेजारचा अनवाणी, असं झालं असतं.

हे चालतं का? २०१३ मध्ये ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवी आणि लेन रटलेज या अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कम्पॅशन इंटरनॅशनल या ख्रिस्ती संस्थेच्या प्रायोजित मुलांचं मोठेपणी काय झालं, हे त्यांनी सहा देशांत तपासलं. भारत त्यांपैकी एक. दहा हजारांवर माणसांची माहिती घेतली. प्रायोजित मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती आणि माध्यमिक शिक्षण पुरं करण्याचं त्यांचं प्रमाण १२ ते १८ टक्के अंकांनी वाढलं होतं. शिक्षणाच्या योजनांत एवढा फरक पडलेला सहसा दिसत नाही. या मुलांबद्दलची एक गोष्ट मला आकड्याहून महत्त्वाची वाटते. ती बालगृहात राहत नव्हती. आपापल्या घरी राहत होती, आपल्याच भागातल्या शाळेत जात होती आणि शाळा सुटल्यावर स्थानिक चर्चने चालवलेल्या केंद्रात अभ्यासाला, खेळायला, जेवायला येत होती.

छावणी की दावण?

मुलांची तुलना गुराढोरांशी करतेय म्हणून रागावू नका, पण दुष्काळी भागातल्या वाचकाला हे लगेच कळेल. चारा संपला की सरकार छावण्या उघडतं. शेतकरी जनावरं घेऊन तिथे जातो, घरातलं एक माणूस महिनोन्महिने ताडपत्रीखाली झोपतं, घर दुभंगतं. म्हणून दर दुष्काळात मागणी होते : छावणी नको, दावणीला चारा द्या. जनावर गोठ्यातच राहू द्या, चारा तिथे पोचवा.

बालगृह म्हणजे छावणी. प्रायोजकत्व म्हणजे दावणीला चारा.

छावणी कधी लागतच नाही असं नाही. पण छावणी कायमची झाली, पाऊस पडल्यावरही जनावरं परत गेलीच नाहीत, तर काहीतरी बिनसलंय हे कुणालाही कळेल. बाल न्याय कायद्यानेही तत्त्व म्हणून हेच लिहून ठेवलंय : संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आधी स्वतःचं घर, ते नसेल तर नातेवाईक, मग पालनपोषणासाठी दुसरं कुटुंब, दत्तक, आणि यातलं काहीच जमलं नाही तर संस्था.

यामागे नुसती भावना नाही. हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीनंतर रोमानियाचे अनाथाश्रम मुलांनी भरून वाहत होते. २००० च्या सुमारास बुखारेस्टमध्ये संशोधकांनी १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे अर्धी मुलं पालक-कुटुंबांत गेली, अर्धी संस्थेच्या नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, भाषा, माणसांशी नातं जोडण्याची क्षमता, सगळंच जास्त सुधारलं, आणि जी दोन वर्षांची व्हायच्या आत गेली त्यांचं सर्वांत जास्त. संस्थेतली मुलं उपाशी नव्हती. पण आठ तासांनी पाळी बदलते, ताई बदलते. रात्री दचकून उठलं की तोच हात पाठीवर येत नाही.

आणि खर्च? बालगृहाला इमारत लागते, स्वयंपाकी लागतो, चौकीदार, काळजीवाहक, वीजबिल, गॅस, अग्निशमनाचा दाखला, सगळं लागतं. घरी राहणाऱ्या मुलाला फी आणि किराण्याची भर पुरते. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलासाठी महिन्याला २,२५० रुपये ठरलेले आहेत, केंद्राच्या मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्वात ४,०००. ऐकायला कमी वाटतात, पण एकट्या आईच्या घरात हेच पैसे मुलगी शाळेत जाणार की भांडी घासायला, हे ठरवतात. पैसे वेळेवर येतात का, हा वेगळा आणि दुखरा विषय.

मग सगळे दाते इमारतच का बांधून देतात? माझं उत्तर जरा कडू आहे. इमारतीवर संगमरवरी पाटी लागते. आईच्या खोलीभाड्यावर पाटी लावता येत नाही.

‘घरी’ म्हणता, पण घरातच छळ होत असेल तर?

तर बालगृह हवंच. बापच अत्याचार करतो, सावत्र आई चटके देते, बालविवाह ठरलाय म्हणून मुलगी पळून आलीय, अशा वेळी घर हाच धोका असतो. एचआयव्ही झालेलं, मतिमंद म्हणून टाकून दिलेलं, रेल्वे स्टेशनवर चार वर्षं काढलेलं मूल एका बैठकीत ‘घरी पाठवा’ म्हणून सुटत नाही. २०२० मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना संस्थांमधली मुलं शंभर दिवसांत कुटुंबांकडे पाठवा असं कळवलं, तेव्हा मुलांसाठी काम करणारेच अस्वस्थ झाले. दिशा बरोबर, घाई चुकीची. त्या कोविडच्या काळात तर ज्या घरांतून ही मुलं आली ती घरंच बेकार बसली होती.

म्हणून चांगल्या संस्थेची खूण ती मुलं ठेवते की नाही यात शोधू नका. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र काळजी आराखडा असतो. हा मुलगा इथे का आहे, घरी काय बदललं की परत जाईल, कोण पाठपुरावा करणार, हे त्यात लिहायचं असतं. तो खरोखर लिहिला जातो की सगळ्या फायलींत एकच मजकूर चिकटवलेला असतो, यावरून पुष्कळ कळतं. वाईट संस्थेचा पैसा डोक्यांवर मोजला जातो, म्हणून मूल घरी गेलं की तिला तोटा होतो. चांगल्या संस्थेला ती कमाई वाटते.

बरं, पण धर्म बदलवतात, त्याचं काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही, आणि तो आजचा नाही. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवा-मुलींच्या शिक्षणासाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. सदनात कुठल्याही धर्माची शिकवण देणार नाही असा करार होता. स्वतः रमाबाई ख्रिस्ती झालेल्या. त्या आपल्या खोलीत लेकीसोबत प्रार्थना करत आणि खोलीचं दार बंद करत नसत. काही मुली आपण होऊन येऊन बसायला लागल्या. गावभर बोभाटा झाला, ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि कितीतरी पालक मुलींना घेऊन गेले.

त्या उघड्या दारावर आजही वाद घालता येईल. रमाबाईंची बाजू अशी की माझ्या घरात मला प्रार्थना करायला मोकळीक हवी, मी कुणाला बोलावलं नाही. पालकांची बाजू अशी की जिच्या ताटात मुलगी जेवते तिचं नुसतं उघडं दारसुद्धा बोलावणंच असतं. मला दोन्हींत तथ्य दिसतं. लहान मुलाची ‘मर्जी’ ही अन्न देणाऱ्याकडे झुकणारच.

राज्यघटनेचं उत्तर असं : सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर संमती पालकाची लागते. हे कलम २८ मध्ये आहे. ते चर्चला लागू, मदरशाला लागू आणि मठाला, आश्रमालाही लागू. शेवटचा भाग आपण सोयीने विसरतो. आदिवासी पाड्यावरच्या मुलाला त्याचा वाघोबा, हिरवा देव सोडायला लावून शुभंकरोती पाठ करायला लावली, तर त्याला आपण संस्कार म्हणतो. मुलाच्या बाजूने बघितलं तर दोन्हीकडे घडतं तेच.

माझी कसोटी भिंतीवरच्या फोटोची नाही. क्रूस असो, गणपती असो, काबा असो. मूल प्रार्थनेला ‘नको’ म्हणालं तर त्याच्या ताटातली पोळी तीच राहते का? सुट्टीत घरी जाऊन आलेली मुलगी कपाळाला टिकली लावून, नाहीतर ताईत बांधून परत आली, तर तो काढायला लावतात का? संस्थेत जाल तेव्हा एवढं बघा.

कधी श्रद्धा आणि कायदा समोरासमोर येतात, तेव्हा काय होतं याचंही उदाहरण आहे. २०१५ मध्ये दत्तकाचे नवे नियम आले आणि एकट्या किंवा घटस्फोटित व्यक्तीलाही केंद्रीय यंत्रणेमार्फत मूल मिळण्याचा मार्ग खुला राहिला. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीला ते पटलं नाही. त्यांनी दत्तक देण्याचं कामच सोडलं. मला त्यांचं मत मान्य नाही, पण वागणं सरळ वाटतं : नियम पटत नाही, तर त्या कामातून बाजूला झालो. परवाना ठेवून आतून आपलंच चालवणं, हे खरं घातक.

परदेशी पैसा आला की एवढी गडबड का?

परदेशातून देणगी घ्यायची तर गृहमंत्रालयाची वेगळी नोंदणी लागते. त्या कायद्याला सगळे एफसीआरए म्हणतात. २०२० च्या दुरुस्तीने तो बराच आवळला. सगळा परदेशी पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतल्या खात्यात यायला हवा. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. आणि एका संस्थेला मिळालेला परदेशी पैसा तिने दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही.

या शेवटच्या अटीचा घाव खेड्यातल्या संस्थांवर बसला. आधी मुंबई-दिल्लीची मोठी संस्था पैसा आणायची आणि तालुक्याच्या गावातल्या लहान संस्थेकडून काम व्हायचं, घाऊक व्यापारी आणि किराणा दुकानदार असतात तसं. आता घाऊकवाल्याने स्वतःच दुकान उघडावं नाहीतर दुकानदाराने थेट परदेशातून माल आणावा. नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावरची संस्था ते कसं करणार?

सरकारचं म्हणणंही ऐकायला हवं : पैसा हातोहात फिरला की शेवटी कशावर खर्च झाला ते कळत नाही, आणि शिक्षणाच्या नावाने आलेला पैसा धर्मप्रसाराला जातो. ही शंका निराधार म्हणून झटकता येणार नाही. पण तिची किंमत कुणी मोजली तेही पाहा. कम्पॅशन इंटरनॅशनलवर सरकारने निर्बंध घातले आणि मार्च २०१७ मध्ये तिने भारतातलं काम गुंडाळलं. त्या वेळी तिच्या केंद्रांत जाणारी मुलं दीड लाखाच्या आसपास होती. चौकशी संस्थेची चालली होती, पण शाळेनंतरचं जेवण आणि शिकवणी बंद झाली ती मुलांची. आजारी गाय खाटकाला देऊन दुधाचा प्रश्न सोडवल्यासारखं मला ते वाटलं. मिशनरीज ऑफ चॅरिटीची नोंदणी २०२१ च्या ऐन नाताळात नूतनीकरणाविना अडकली आणि पुढच्या जानेवारीत परत मिळाली. एवढं मोठं नाव नसतं तर इतक्या लवकर मिळाली असती का, हा प्रश्न मनात येतोच.

नोंदणी आहे ना? मग झालं!

नाही झालं. ट्रस्टची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी म्हणजे गाडीचं आरसी बुक. गाडी तुमची आहे एवढंच त्यावरून सिद्ध होतं. मुलं ठेवायची तर बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ खालची नोंदणी लागते, ते झालं ड्रायव्हिंग लायसन्स. ते नसताना मुलं ठेवली तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही. बऱ्याच संस्था ‘आमचं बालगृह नाही, वसतिगृह आहे’ म्हणून यातून निसटतात. शाळेसाठी राहणारी मुलं असतील तर ते खरंही असतं. पण तिथे टाकलेली, मार खाल्लेली, बेवारस मुलंही राहत असतील, तर फाटकावरची पाटी काहीही म्हणो, कायदा लागू होतो.

आयकराची सवलत, लोक जिला अजूनही ८०जी म्हणतात, ती तर आणखी निराळी गोष्ट. तिचा साधारण नियम असा की संस्थेने उत्पन्नाच्या पाच टक्क्यांहून जास्त निव्वळ धार्मिक कामावर खर्च करायचा नाही. म्हणून पुष्कळ देवस्थानं आणि चर्च मुलांच्या कामासाठी वेगळा ट्रस्ट काढतात. त्यात लपवाछपवी असेलच असं नाही, बहुधा हिशोबाची सोय असते. दोन हजारांवर रोख दिलेत तर सवलत मिळत नाही, तेव्हा चेक द्या किंवा यूपीआय करा. आणि पावतीवर कुठल्या ट्रस्टचं नाव आहे ते वाचा. बोलणारा एका संस्थेचा आणि पावती दुसऱ्याच संस्थेची, असं झालेलं मी पाहिलंय.

कुणी ‘आमच्याकडे एक बाळ आहे, परस्पर घेऊन जा’ म्हणालं, तर मात्र तिथून उठा आणि १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. अनाथ, टाकलेल्या किंवा सोपवलेल्या मुलाचं दत्तक फक्त केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणामार्फत होतं. मुलाची खरेदी-विक्री हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, मग हेतू कितीही पुण्याचा असो.

अठरावा वाढदिवस

बालगृहातला सगळ्यांत अवघड दिवस हा. कायद्याने मूल सज्ञान झालं, आता त्याला तिथे राहता येत नाही. एक लोखंडी पेटी, दहावीचं प्रमाणपत्र, आधार कार्ड. एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढे आधार देण्याची, तरतूद कायद्यात आहे, पण जागा थोड्या. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिलं, ते खरोखर मोलाचं आहे. मात्र शनिवारी आई येते अशा मुलाला ते सहजी मिळत नाही. तो अनाथ नाही ना!

इथे धार्मिक संस्थांना खरी संधी आहे, कारण त्यांच्याकडे माणसं असतात. भक्तमंडळात गॅरेजवाला असतो, नर्स असते, सीए असतो, खोली भाड्याने देणारी काकू असते. अठरा वर्षांच्या पोराला हीच माणसं लागतात. पहिल्या वाढदिवसाचा केक आणणारे पुष्कळ आहेत. अठराव्याला येऊन ‘चल, माझ्याकडे कामाला लाग, खोलीचं बघू’ म्हणणारा फार क्वचित दिसतो.

निघताना मी अधीक्षक बाईंना त्या गुलाबजामवाल्या मुलाबद्दल विचारलं. त्याला घरी जायला नेमकं काय अडतंय? त्यांना फाइल उघडावी लागली नाही. खोलीचं डिपॉझिट, म्हणाल्या, आणि आई संध्याकाळची कामं उरकून येईपर्यंत त्याच्याकडे बघायला शेजारची कुणी बाई, तिला महिन्याचे थोडे पैसे.

“मग हे दात्यांना सांगत नाही का?”

“सांगते की,” कॅलेंडर सरळ करत त्या म्हणाल्या, “ते म्हणतात, पण मग फोटो कशाचा काढायचा?”